अ‍ॅनीला गिअर का टाकावा लागला नाही?

'स्पीड' पाहिलेल्या बहुतेकांना त्यातला बॉम्ब आठवतो. बस ताशी पन्नास मैलांच्या, म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या खाली आली की उडणार, ही अट आठवते. अर्धवट बांधलेल्या पुलावरची ती अशक्य उडीही आठवते. मला मात्र १९९४ सालच्या या सिनेमातली एक वेगळीच गोष्ट बरीच वर्षं छळत होती. ड्रायव्हरला गोळी लागते आणि त्याच्या जागी अ‍ॅनी नावाची एक साधी प्रवासी बसते. वेगात मोटार चालवल्याबद्दल तिचा परवाना निलंबित झालेला असतो, म्हणून तर ती बसने जात असते. ही बाई काही सेकंदांत बसची ड्रायव्हर होते आणि लॉस एंजेलिसभर ती बस पळवते. आमच्या लाल डब्यात बॉनेटशेजारच्या जागेवर बसून मी ड्रायव्हरकाकांची कसरत पाहिलेली. गिअरचा दांडा दोन्ही हातांनी ढकलावा की काय अशी वेळ यायची. मग हिला हे कसं जमलं?

उत्तर बसच्या नावातच आहे. ती जनरल मोटर्सची टीडीएच-५३०३ जातीची बस. यातला 'टी' शहरी वाहतुकीचा, 'डी' डिझेलचा, ५३ म्हणजे आसनं आणि ०३ हा त्या मालिकेतला क्रम. उरला 'एच'. तो हायड्रॉलिकचा. या बसमध्ये गिअर बदलण्याचं काम माणूस करत नाही, तेल करतं. कथेतल्या दहशतवाद्याने चुकून 'पीडी-४१०४' जातीची बस निवडली असती, तर सिनेमा पहिल्या चढावरच आटोपला असता.

पीडी-४१०४ ही याच कारखान्याची, पण लांब पल्ल्याची बस. 'पी' म्हणजे पार्लर, दिवाणखाना. प्रवाशाला घरच्या दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटावं म्हणून हे नाव. ४१ आसनं, पस्तीस फूट लांबी, अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत काया आणि स्प्रिंगच्या पाट्यांऐवजी रबराच्या भात्यांत कोंडलेल्या हवेवर तरंगणारा सांगाडा. १९५३ ते १९६० या काळात अशा पाच हजारांवर बस बनल्या. ग्रेहाउंडसारख्या कंपन्यांनी त्या अमेरिकेच्या महामार्गांवर लाखो मैल पळवल्या आणि दमल्यावर विकून टाकल्या. मग त्यांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. हौशी लोकांनी त्या स्वस्तात घेतल्या, आसनं उपटली, पलंग, शेगडी, पाण्याच्या टाक्या आणि न्हाणीघर बसवलं आणि चाकांवरचं घर केलं. अ‍ॅल्युमिनियमची काया लोखंडासारखी गंजत नाही, त्यामुळे यातल्या कित्येक बस सत्तरीच्या उंबरठ्यावरही रस्त्यावर आहेत. त्यांचे मालक स्वतःला 'बस नट' म्हणवतात. आपण बसवेडे म्हणू.

बसवेड्यांची अडचण अशी की बस जशी म्हातारी होते तसा मालकही होतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत खासगी वापराच्या अशा घर-बससाठी व्यावसायिक ड्रायव्हरचा परवाना लागत नाही, मोटारीचा परवाना चालतो. म्हणजे निवृत्त झालेले शिक्षक आजोबा उद्या बारा टनांची बस घेऊन डोंगरात जाऊ शकतात. जाऊ शकतात खरे, पण स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून येतात, घाटात गिअर पडत नाही, आणि शेजारी बसलेल्या आजींना वाटतं, यांना मध्येच काही झालं तर ही गाडी रस्त्याच्या कडेला तरी कोण घेणार? त्या प्रश्नापासून बस सोपी करण्याचा उद्योग सुरू होतो.

या उद्योगात मला भुरळ पडते ती एका गोष्टीची. बस 'सोपी' केली म्हणजे तिचे कष्ट संपत नाहीत. बारा टन हलवायचे, वळवायचे आणि थांबवायचे तर असतातच. फक्त ते कष्ट माणसाच्या खांद्यातून, पायातून आणि डोक्यातून निघून दुसरीकडे मुक्कामाला जातात. कुठे जातात, हे शोधत गेलं की यंत्रशास्त्रातल्या काही अत्यंत देखण्या कल्पना भेटतात.

सुरुवात गिअरपासून करू, कारण खरी मौज तिथे आहे.

पीडी-४१०४ मध्ये चार गिअरचा साधा खटका आहे आणि त्याला सिंक्रोमेश नाही. सिंक्रोमेश म्हणजे गिअर पडण्याआधी दोन फिरत्या भागांचा वेग एक करणारी शंकूच्या आकाराची छोटी घर्षण-चकती. कॅडिलॅक मोटारीत ती १९२८ मध्येच आली होती. तुमच्या-आमच्या गाडीत ती असते म्हणून आपण क्लच दाबून बेफिकीरपणे गिअर टाकतो. जड वाहनात मात्र फिरणारे भागही जड, त्यामुळे ही चकती लवकर झिजते. म्हणून अवजड गाड्यांच्या अमेरिकी कारखानदारांनी ते काम ड्रायव्हरवर सोपवलं.

काम काय? चालती लोकल पकडणं. फलाटावर उभं राहून धावत्या लोकलच्या दांड्याला हात घातला तर खांदा निखळेल. पट्टीचा मुंबईकर आधी गाडीबरोबर धावतो, दोघांचा वेग एक झाला की दांडा धरतो आणि अलगद आत जातो. (हे करू नका, हे लिहायलाच हवं.) गिअरबॉक्समध्येही असंच. समजा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला १,२०० फेरे घेतंय आणि चढ लागल्याने दुसरा टाकायचा आहे. बसचा वेग तोच, पण दुसऱ्या गिअरमध्ये त्या वेगाला इंजिन दोन हजारांच्या आसपास फिरायला हवं. तेव्हा क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, अ‍ॅक्सिलरेटर देऊन इंजिनाला आणि त्याच्याबरोबर गिअरबॉक्सच्या आतल्या दंडाला दोन हजारांपर्यंत पळवायचं, पुन्हा क्लच दाबायचा आणि नेमक्या त्या क्षणी दांडा आत सारायचा. आपल्याकडे ज्याला 'डबल क्लच मारणे' म्हणतात ते हेच. एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांना ते श्वास घेण्याइतकं सहज होतं.

हे सगळं दीड-दोन सेकंदांत करायचं, कारण तेवढ्या वेळात चढावर बसचा वेग घसरतो आणि तुमचं दोन हजारांचं गणित चुकतं. उतारावर उलटं. न्यूट्रलमध्ये बस वेग घेते, आणि या बसच्या '७१' मालिकेतल्या इंजिनाला (आकड्याचा अर्थ पुढे येईल) साधारण २,१०० फेऱ्यांच्या आसपास लगाम घातलेला असतो. बसचा वेग इतका वाढला की जुळणीसाठी इंजिनाला त्याहून जोरात फिरावं लागेल, तर तो गिअर पडणारच नाही. बारा टन, तीव्र उतार आणि गाडी न्यूट्रलला! जुने ड्रायव्हर म्हणूनच घाट उतरायला लागण्याआधी गिअर पाडतात, मध्ये नाही.

यात आणखी दोन विघ्नं. एक म्हणजे गिअरबॉक्स बसच्या शेपटीला आणि दांडा नाकाला. मध्ये सात-आठ मीटर लांबीच्या सळया, त्यांना जोडणारे सांधे, प्रत्येक सांध्यात एक बुश. साठ-सत्तर वर्षांत प्रत्येक बुश थोडाथोडा झिजतो आणि या सगळ्या 'थोड्या'ची बेरीज ड्रायव्हरच्या मुठीत जमा होते. दांडा पिठाच्या डब्यात फिरवावा तसा फिरतो, कुठल्या खाचेत आहे कळत नाही. बुश बदलले, सांधे नीट बसवले, तर निम्मी बस सोपी होते. याला फारसे पैसे लागत नाहीत, जमिनीवर उताणं झोपण्याची तयारी लागते. पुष्कळ हौशी मालकांच्या डोक्यात आधी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो आणि बुश शेवटी. मला हा क्रम उलटा वाटतो.

दुसरं विघ्न कानाचं. ही इंजिनं टू-स्ट्रोक डिझेल आहेत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दर फेऱ्याला स्फोट होतो. नेहमीच्या फोर-स्ट्रोकमध्ये तो दोन फेऱ्यांतून एकदा होतो. त्यामुळे टू-स्ट्रोक १,८०० वर फिरत असलं तरी कानाला ३,६०० सारखं ऐकू येतं. नवशिक्याला वाटतं इंजिन आता फुटणार. तो घाईने वरचा गिअर टाकतो, इंजिन कण्हायला लागतं, तापतं. अमेरिकी ट्रकवाल्यांत यावर एक जुना सल्ला आहे: टू-स्ट्रोक चालवायला बसताना आधी आपलाच हात दारात चेचून घ्यावा, म्हणजे दिवसभर त्याच्यावर राग काढता येतो. हे इंजिन रागावूनच चालवायचं असतं. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा बसवणं. कान फसतो, काटा फसत नाही.

या इंजिनाबद्दल थोडं विषयांतर केल्याशिवाय मला राहवत नाही. ७१ हा आकडा एका सिलिंडरच्या पोकळीचा, घनइंचांत. सहा सिलिंडरांचं इंजिन म्हणजे ६-७१, आठ सिलिंडरांचं व्ही आकाराचं म्हणजे ८व्ही-७१. टू-स्ट्रोक डिझेल स्वतःहून हवा ओढून घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्या कडेला एक भाता असतो, एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या पाकळ्यांचा. तो इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राचा वंशज. पुढे अमेरिकेतल्या मोटार शर्यतवेड्या पोरांनी भंगारातल्या ६-७१ इंजिनांचे हे भाते काढून आपल्या पेट्रोल गाड्यांवर चढवले, आणि बॉनेट फाडून वर आलेली ती चकाकती पेटी शर्यतीच्या गाड्यांची खूण झाली. आजही तिथे सुपरचार्जरचं माप '६-७१' असंच सांगतात.

इंजिनाच्या रचनेत आणखी एक चलाखी आहे. त्याचा सांगाडा असा बेतला होता की त्याच सुट्या भागांतून डावीकडे फिरणारं किंवा उजवीकडे फिरणारं इंजिन जुळवता यावं, पंप-भाता हवा त्या बाजूला लावता यावा. बोटीत दोन इंजिनं लावून पंखे एकमेकांच्या उलट फिरवायचे असोत, नाहीतर बसच्या शेपटीत आडवं झोपवायचं असो, भाग तेच.

आडवं झोपवायचं, हे महत्त्वाचं. या बसमध्ये इंजिन मागच्या भिंतीला समांतर, आडवं असतं. त्याची ताकद आधी बसच्या रुंदीच्या दिशेने गिअरबॉक्समध्ये जाते, तिथून दात्यांच्या जोडीने काटकोनापेक्षा जास्त वळण घेते आणि तिरक्या दंडावाटे पुढे एक्सलकडे येते. वरून पाहिलं तर इंग्रजी 'व्ही' दिसतो, म्हणून हा व्ही-ड्राइव्ह. तो ड्वाइट ऑस्टिन नावाच्या अभियंत्याच्या डोक्यातून निघाला. गंमत अशी की याच माणसाने त्याआधी, १९२८ मध्ये, कॅलिफोर्नियात पिकविक कंपनीसाठी 'नाइट कोच' बनवली होती. २६ प्रवाशांना झोपायला बर्थ आणि छोटं स्वयंपाकघर असलेली ती बस होती. झोपायच्या बसचा कर्ता आणि या घर-बसच्या पोटातल्या व्ही-ड्राइव्हचा कर्ता एकच निघावा, हा योगायोग मला फार आवडतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा तर हा 'व्ही' आडवा येतो. गिअरबॉक्स इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेला जुळला पाहिजे, दंडाचा कोन जुळला पाहिजे, एवढ्याशा रुंदीत मावलाही पाहिजे. सुदैवाने १९७०च्या दशकात अ‍ॅलिसन कंपनीने शहरी बससाठी खास व्ही-ड्राइव्हचा तीन गतींचा व्ही-७३० बनवला. शहरी बस भंगारात निघाल्या तसे हे गिअरबॉक्स बसवेड्यांच्या हाती आले. शहरी बहिणीचं काळीज पीडी जातीच्या महामार्गी बहिणीत बसवायचं, असा हा प्रकार. दंड कापून छोटा करायचा, इंजिन ज्या चौकटीत बसतं ती बदलायची, क्लचचं पेडल काढून टाकायचं.

आणि मग तेल काम करू लागतं. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. दुसरा वाऱ्याने फिरू लागतो. हवेच्या जागी तेल भरा, पंखे एका बंद डब्यात कोंबा, की झालं द्रव-जोडणीचं यंत्र. इंजिनाचा पंखा तेल भिरकावतो, चाकांकडचा पंखा ते झेलतो. दोघांमध्ये लोखंडाची गाठ नाही, म्हणून गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही आणि क्लच लागत नाही. पण खरी करामत तिसऱ्या, मधल्या पंख्यात आहे. दुसऱ्या पंख्यावर आपटून परत येणारं तेल उलट्या दिशेने येतं आणि पहिल्याला अडवू पाहतं. मधल्या स्थिर पात्या त्या तेलाला वळवून पहिल्याच्या पाठीवर सोडतात. अडवणारं तेल ढकलणारं होतं, आणि बस जागेवरून निघताना चाकांना इंजिनाच्या मूळ जोरापेक्षा कितीतरी जास्त पीळ मिळतो. दात्यांची एकही जोडी न बदलता! जर्मन अभियंता हर्मन फॉटिंगर याने याचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं, तेही बससाठी नाही. वाफेच्या टर्बाइनचा वेग जहाजाच्या पंख्याला मानवत नव्हता, तो मध्यस्थ म्हणून.

आता कष्ट कुठे गेले ते पाहा. डबल क्लचच्या वेळी दोन वेगांतला फरक माणूस डोक्याने आणि पायाने मिटवत होता. आता तो फरक तेलाच्या घुसळणीत मिटतो, आणि घुसळणीची उष्णता होते. बस चढावर अडून राहिली आणि इंजिन पूर्ण जोरात आहे, अशी टोकाची स्थिती घ्या. २०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १५० किलोवॅट. दोन किलोवॅटचे पंचाहत्तर गीझर एकाच डब्यात चालू केल्यासारखं. ती सगळी उष्णता तेलात, तेलातून इंजिनाच्या पाण्यात आणि पाण्यातून रेडिएटरमध्ये. आणि हे टू-स्ट्रोक इंजिन एकवेळ उपाशी राहील, पण ताप सोसणार नाही. म्हणून मोठा ऑइल कूलर आणि साफ रेडिएटर यांशिवाय ऑटोमॅटिक बसवणं म्हणजे ड्रायव्हरचा घाम पुसून इंजिनाला ताप आणणं. वेग घेतल्यावर व्ही-७३० मधला एक क्लच दोन्ही पंखे घट्ट जोडून टाकतो, मग घसरण थांबते. पण चार गिअरचे तीन झालेले असतात आणि डिझेलही थोडं जास्त जळतं.

कारखान्यानेही एकदा 'सोपं करू' म्हणून केवढा घोळ घातला होता, ते इथे सांगायला हवं. ग्रेहाउंडची सीनिक्रूझर, पीडी-४५०१. रेमंड लोवी या नामवंत डिझाइनरच्या हातची, दोन मजली वाटावी अशी, चाळीस फुटी. १९५४ ते १९५६ दरम्यान १,००१ बनल्या. तेव्हा एवढी बस ओढणारं एकच मोठं इंजिन तयार नव्हतं, म्हणून चार-चार सिलिंडरांची दोन ४-७१ इंजिनं घातली. दोघांना द्रव-जोडणीने एकत्र बांधलं आणि बरीचशी कामं विजेवर चालणाऱ्या क्लचवर सोपवली. कागदावर सुरेख. रस्त्यावर मात्र जोडणी, क्लच, विजेचे खटके, सगळंच रुसू लागलं. शेवटी १९६१-६२ मध्ये उरलेल्या बस इंडियानापोलिसच्या मार्मन-हेरिंग्टन कंपनीकडे पाठवून त्यांची आतडी काढली गेली. दोन इंजिनांच्या जागी नवं ८व्ही-७१ आलं. गणित करा: चार अधिक चार सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणजे ५६८. आणि ८व्ही-७१सुद्धा ५६८च. पोकळी तेवढीच, डोकेदुखी निम्मी. गिअरबॉक्स कुठला बसवला? तोच जुना, चार गिअरचा, माणसाने डोकं चालवायचा. ड्रायव्हर खूश झाले नसतील, तरी बस वेळेवर पोचू लागल्या.

स्टिअरिंगची गोष्ट सरळ आहे. पीडी-४१०४ ला पॉवर स्टिअरिंग नाही, म्हणून तिचं चाक परातीएवढं. जितकं मोठं चाक तितका तरफेचा जोर जास्त. बस रांगत असेल तर ते फिरतं, उभी असेल तर टायर रस्त्याला चिकटून बसतात. त्यावरचं उत्तर अमेरिकी अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने १९२०च्या दशकातच शोधलं होतं, पण मोटारीत ते विक्रीला आलं १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. त्यातली मेख अशी: यंत्राने माणसाला मदत करायची तर त्याला माणसाची इच्छा कळली पाहिजे. कशी कळणार? चाकाच्या दंडात एक बारीक, पिळता येईल अशी सळई घालतात. तुम्ही चाक फिरवलंत आणि टायर अडून बसला, की ती सळई किंचित पिळली जाते. तेवढ्या पिळाने एक झडप उघडते आणि वातावरणाच्या शंभरपट दाबाचं तेल योग्य बाजूला धावून टायर वळवतं. टायर वळला की पीळ सुटतो, झडप मिटते. तुमच्या मनगटाचा हट्ट जितका, मदत तितकीच. पंप बंद पडला तरी दंड शाबूत असतो, फक्त परातीएवढ्या चाकाचं महत्त्व पुन्हा कळतं.

बसमध्ये अडचण एवढीच की पंप फिरवणारं इंजिन मागे आणि स्टिअरिंग पुढे, तेव्हा बसच्या पोटाखालून तेलाच्या लांबलचक नळ्या न्याव्या लागतात. काही जण विजेच्या मोटरवर चालणारा पंप पुढेच बसवतात. कुठलाही मार्ग घ्या, मिळणारं सुख मोठं आहे. आजींच्या त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

राहिला ब्रेक, आणि तिथे एक खरी थरारकथा आहे. १९३१ साली क्लेसी कमिन्स, ज्यांच्या नावाची डिझेल इंजिनं आज आपल्या ट्रकमध्येही आहेत ते स्वतः, न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला डिझेल ट्रक नेण्याचा विक्रम करत होते. कॅलिफोर्नियातला कॅहोन घाट उतरताना ब्रेक तापून निकामी झाले. खाली रेल्वेचं फाटक, आणि मालगाडी जात असलेली. तिचा शेवटचा डबा पार झाला आणि ट्रक जेमतेम मागून सुटला. त्या दिवसाची धास्ती कमिन्स यांनी पंचवीस वर्षं मनात ठेवली आणि निवृत्तीनंतर उत्तर काढलं.

उताराचा हिशोब आधी बघा. बारा टनांची बस १०० मीटर उंचीवरून खाली आली, की साधारण ३५ लिटर थंड पाणी उकळेल एवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. घाट पाचशे मीटरचा असेल तर पावणेदोनशे लिटर. ही सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये ओतली की ड्रम फुगतो, लायनिंग जळतं आणि पाय पेडलवर असूनही ब्रेक लागत नाही. कमिन्स यांचं म्हणणं असं की आपल्याजवळ एक भलामोठा हवेचा पंप आहे, इंजिन, त्याला कामाला लावा. डिझेल इंजिन हवा दाबतं तेव्हा कष्ट घेतं, पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उसळून ते परत करते. हिशोब शून्य. म्हणून उतारावर डिझेल बंद करायचं आणि हवा पुरती दाबली गेली की नेमक्या त्या क्षणी एक्झॉस्टची झडप उघडून ती हवा बाहेर सोडायची. स्प्रिंग दाबली आणि कापून टाकली. दाबण्याचे कष्ट बसच्या वेगातून वसूल, परतफेड नाही. इंजिन इंजिनच राहत नाही, ब्रेक होतं.

हे यंत्र बनवायला घेतलं जेकब्स कंपनीने, तीच जिच्या चकमध्ये ड्रिलची पाती आवळतात. १९६१ मध्ये पहिलं बाजारात आलं आणि त्याचं नावच 'जेक ब्रेक' पडलं. दर वेळी सुटणाऱ्या दाबल्या हवेचा धडधडाट इतका होतो की अमेरिकेतल्या कित्येक गावांच्या वेशीवर 'इंजिन ब्रेक लावू नका' अशा पाट्या आहेत. ७१ मालिकेच्या इंजिनांवरही तो बसवता येतो, आणि टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला हवा दाबली जात असल्याने तो दर फेऱ्याला काम करतो.

ब्रेकबद्दलची दुसरी सुधारणा दिसत नाही, पण मी तिला सर्वांत वर ठेवीन. जुन्या बसचा ब्रेक दाबलेल्या हवेने लागतो. हवा गळाली तर ब्रेक गेला, उरतो तो हाताने ओढायचा. नंतरच्या रचनेत हे उलटं केलं: मागच्या चाकांना एक जबरदस्त स्प्रिंग ब्रेक लावूनच ठेवते आणि हवा तिला दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि बस आपोआप थांबते. आधी हवा म्हणजे ब्रेक होता, आता हवा म्हणजे ब्रेक न लागण्याची परवानगी.

माझ्यासमोर कोणी पीडी-४१०४ आणून ठेवली आणि ठरावीक पैशांत हिला सोपी कर म्हणालं, तर मी आधी स्प्रिंग ब्रेक बसवीन, मग जेक ब्रेक, मग पॉवर स्टिअरिंग, मग गिअरच्या सळयांचे सगळे बुश बदलून फेऱ्यांचा काटा लावीन. चार गिअरचा तो खटका मात्र तसाच ठेवीन आणि उरलेल्या पैशांत आजींना रिकाम्या मैदानावर आठवडाभर डबल क्लच शिकवीन.